आठ पैलूंची तुरटी

कॉलेजच्या अंकासाठी प्रवासवर्णन लिही, असं सरांनी सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारलं, चार दिवसांच्या प्रवासाचं चालेल का. आपल्या वर्गातल्या बहुतेकांनी मुंबई पाहिलेली नाही आणि मीही पाहिली नाही. मी गेले ते मुंबईच्या अलीकडे, बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरला. समुद्र दिसला नाही. एक धरण पाहिलं, एक प्रयोगशाळा पाहिली आणि तुरटीचा एक खडा पाहिला. त्या खड्याबद्दल मला नीट लिहायचं आहे, म्हणून बाकीचं थोडक्यात आटपलं तर रागावू नका.

जायचं कारण माझा प्रकल्प. गॅमा किरण म्हणजे उजेडाच्याच जातीचे, पण खूप जास्त ऊर्जेचे. ते स्फटिकातून जाताना किती शोषले जातात आणि किती पलीकडे पोचतात, हे मोजायचं होतं. आपलं यंत्र बंद आहे हे सगळ्यांना माहीतच आहे. सरांचे मित्र पाटणकर सर उल्हासनगरच्या एका कॉलेजात शिकवतात, त्यांच्याकडचं चालू होतं. त्यांनीच कळवलं की अंबरनाथला भालेराव म्हणून एक निवृत्त गृहस्थ घरी तुरटीचे मोठे स्फटिक वाढवतात.

निघायच्या आधी सरांनी मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. आपल्या किरणांना स्फटिकातली अणूंची रांग कळत नाही. वाटेत किती माल आहे एवढंच त्यांना कळतं. तुरटीचा चुरा घेतला तरी उत्तर तेच येईल. मग स्फटिक कशाला, असं मी विचारलं. सर म्हणाले, "प्रकल्पाच्या नावात स्फटिक आहे ना? वहीत एक फोटो तरी हवा."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं, आणि तरीही पुढचं सगळं घडलं.

सोनिवली

गणपती नुकतेच गेले होते. पाऊस ओसरत आला होता, पण बदलापूर अजून ओलं होतं. मावशीची इमारत सोनिवलीत, गावाच्या कडेला नवीन उभी राहिलेली. सात मजले, निम्म्या खिडक्यांना अजून पडदे नाहीत. खाली भातशेतीचा एक तुकडा शिल्लक आहे आणि त्याच्या बांधावर पुढच्या इमारतीची पाटी लागलेली आहे. माझे वडील गवंडी आहेत, म्हणून माझं लक्ष आधी भिंतींकडे गेलं. कोपरे सरळ होते. ते बरं वाटलं.

मावशी दारातच "जय भीम" म्हणाली आणि माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली. तिला आपला भाग सोडून वीस वर्षं झाली. तिची भाषा बदलली आहे. "टेन्शन नको घेऊ, आराम कर, मग मस्त गप्पा मारू," असं ती एका दमात म्हणते. जेवणात तांदळाची भाकरी होती, पांढरीशुभ्र आणि मऊ. आपल्या ज्वारीच्या भाकरीसारखा तिला तोंडात धर नाही. मी तीन खाल्ल्या तरी पोट भरल्यासारखं वाटेना, आणि मागायला लाज वाटली.

पाण्याचं मात्र नवल वाटलं. बारवी धरण इतक्या जवळ, आणि नळाला चहासारखं पाणी. पावसात असंच येतं, मावशी म्हणाली. मोरीत दोन निळे ड्रम होते. मावशीने फळीवरून सुपारीएवढा तुरटीचा तुकडा काढला, पाण्यात हात घालून पाच-सहा वेळा गोल फिरवला आणि झाकण ठेवलं. सकाळपर्यंत गाळ खाली बसतो. आपल्याकडेही पूर्वी आजीच्या घरी हे करायचे. "संपत आली ही," मावशी तो तुकडा उजेडात धरून म्हणाली, "आणायला पाहिजे."

अंबरनाथ पूर्व

दुसऱ्या दिवशी अंबरनाथला. बाजारातून वाट काढत, एका पिठाच्या गिरणीवरच्या पहिल्या मजल्यावर भालेराव काकांचं घर. काका एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं मदतनीस होते. बाटल्या धुणं, द्रावणं बनवणं, नोंदी ठेवणं. शिक्षण आठवीपर्यंत. काकूंनी पोहे दिले आणि आत जाता जाता म्हणाल्या, "बरं झालं आलीस. यांच्या बरण्या बघायला माणूस मिळत नाही. नातवंडं पण दोन मिनिटांत पळतात."

आतल्या खोलीत खिडकीपासून लांब, भिंतीला लागून फळी होती. तिच्यावर अकरा काचेच्या बरण्या, प्रत्येकीच्या तोंडावर फडकं बांधलेलं. काकांनी एक फडकं सोडलं. आत आडव्या काडीला दोरा बांधला होता आणि दोऱ्याला एक खडा लटकत होता. मला वडिलांचा ओळंबा आठवला. भिंत सरळ आहे का ते पाहताना ते असेच श्वास धरून उभे राहतात.

काकांनी सगळ्यात मोठा खडा बाहेर काढला, कोरड्या कापडावर ठेवला आणि मला म्हणाले, "बघ. हात लावू नको. हाताला घाम असतो."

तो लहान मोसंबीएवढा होता. आठ तोंडं, सगळी त्रिकोणी, कडा अशा की बोट कापेल असं वाटावं. त्याच्यामागे वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता येत होती. दीड वर्ष लागलं होतं. पंखा लावायचा नाही, बरणी हलवायची नाही, गिरणी चालू झाली की खाली घातलेल्या रबराच्या चकत्या तपासायच्या. काकांनी आधी चार खडे वाढवून फेकून दिले होते, कारण आत धुरासारखं काहीतरी आलं होतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत देते. "कारखान्यात आमचे एक साहेब होते. हुशार माणूस. ते सांगायचे, स्फटिकात अणू रांगेत असतात, कवायतीसारखे, आणि परदेशात त्याच्यावर किरण मारून बघतात. मी एकदा माझा खडा नेऊन दाखवला. म्हटलं, साहेब, याच्यावर मारून बघता येईल का. साहेब हसले. म्हणाले, भालेराव, तुरटी ती तुरटी." काकांनी कापडासकट खडा जरा उजेडाकडे वळवला. "ते चुकीचं बोलले असं नाही. पण एवढी सरळ रांग लावली, तर किरणाला काही तरी कळत असेल ना? माणसं रांगेत उभी असली की मधून निघून जाता येतं. गर्दी असली की धक्के बसतात. तसं काही?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं: काका, आमच्या किरणांना रांग कळत नाही, चुरा आणि खडा यांत काही फरक दिसणार नाही, मला फक्त एक फोटो काढू द्या. सगळं वाक्य मनात तयार होतं. पण काका माझ्याकडे असे बघत होते की मी म्हणाले, "मोजून बघू, काका."

ते लगेच उठले. खडा मलमलच्या फडक्यात गुंडाळला, त्यावर कापूस, आणि स्टीलच्या डब्यात ठेवला. काकू दारातून म्हणाल्या, "अहो, हाच देताय? बाकीचे आहेत की." काका म्हणाले, "मोजायचा तर चांगला मोजू दे." मला त्यांनी दोन अटी घातल्या. ओल लागू द्यायची नाही, आणि परत आणून देताना काय निघालं ते स्वतः सांगायचं, फोनवर नाही.

संध्याकाळी सोनिवलीला आल्यावर डबा कुठे ठेवावा कळेना. मावशीचा धाकटा मुलगा सगळीकडे चढतो. स्वयंपाकघरातली वरची फळी त्याच्या हाताला लागत नाही, म्हणून तिथे ठेवला. मावशीला सांगितलं, "यात प्रकल्पाचं सामान आहे." काय सामान, ते सांगितलं नाही. तुरटी म्हटलं तर ती हसेल असं वाटलं.

उल्हासनगर

सकाळी मी आंघोळ करून आले तर मावशी खूश होती. "अगं, तू एवढी छान तुरटी आणलीस आणि बोलली पण नाहीस," ती म्हणाली. "डबा शोधत होते, त्यात मिळाली. काय क्लिअर आहे गं. दोन्ही ड्रम फिरवले. बघ पाणी."

ओट्यावर खडा पडला होता. मावशीने तो नीट पुसून ठेवला होता. कोपरे गेले होते, कडा गुळगुळीत झाल्या होत्या, आणि आठही तोंडांवर श्वास सोडल्यासारखा धुरकटपणा आला होता. साबणाची वडी आठवडाभर वापरली की होते तसा.

मावशीने पाहुणीला स्वच्छ पाणी मिळावं म्हणून केलं होतं. पण माझा चेहरा बघून तिला कळलं, आणि मग तीच रडायला लागली. "मला काय माहीत गं. तुरटी तर तुरटी," ती म्हणाली. साहेबांचं वाक्य तिच्या तोंडून आलं.

उल्हासनगरला उतरल्यावर मी आधी कॉलेजला गेले नाही, बाजारात गेले. दोन्ही बाजूंना पाट्या सिंधी आडनावांच्या, कापड, फर्निचर, पिशव्या, आणि दुकानाबाहेर कढईत पकवान तळलं जात होतं. तिथे सकाळी दाल-पकवान खातात. आपल्याकडे सकाळी डाळ कोणी खाईल का? मी एक प्लेट घेतली. पकवान म्हणजे मैद्याची कडक पुरी, कुरकुरीत, वर कच्चा कांदा आणि चिंचेची चटणी. चव आठवते, पण खाल्ल्याचं समाधान आठवत नाही, कारण मनात एकच विचार होता: तसाच दुसरा खडा मिळाला तर.

हो, मी बदली खडा शोधत होते. इतकं खरं लिहिते.

किराणा आणि रसायनांच्या एका दुकानात पांढऱ्या मिशांचे म्हातारे शेठ बसले होते. मी तुरटी मागितली तर त्यांनी विचारलं, "कौनसी बेटी? नाईवाली, पानीवाली, के रंगवाली?" नाईवाली म्हणजे दाढीनंतर फिरवायची घासलेली वडी. पाणीवाली म्हणजे ढेकळं. रंगवाली म्हणजे कपडा रंगवणाऱ्यांसाठी पोत्यात. मी हातवारे करून सांगितलं, आठ तोंडांची, आरपार दिसणारी. शेठ बराच वेळ विचार करून हसले. "साईं, असं तर देव बनवतो. अपुन तो किलो से बेचता है." मग शांतपणे अर्धा किलो पाणीवाली बांधून दिली आणि वर चमचाभर खडीसाखर हातावर ठेवली. "ये भी क्रिस्टल है. खा ले."

पाटणकर सरांच्या प्रयोगशाळेत मी डबा उघडला तेव्हा मान वर केली नाही. सरांनी खडा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "कोपरे गेले ते एका अर्थी बरंच झालं. आता कुठल्याही बाजूने जाडी जवळपास सारखी. फिरवून मोजता येईल." त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांचा दोष नाही.

यंत्र असं होतं: एका बाजूला शिशाच्या विटांमध्ये किरणांचा स्रोत, विटेला पेन्सिलीएवढं भोक. समोर शोधक. त्याच्या पोटातही एक स्फटिकच असतो, सोडियम आयोडाइडचा. किरण त्यात शोषला गेला की बारीक चमक होते आणि ती चमक मोजली जाते. तो अॅल्युमिनियमच्या डब्यात कायमचा बंद केलेला असतो. "हा हवेतलं पाणी पितो," सर म्हणाले, "एकदा ओल लागली की पिवळा पडून संपला." मी त्या बंद डब्याकडे बघत राहिले. ज्याने तो बनवला त्याने ओल लागणारच हे धरून चालून सोय केली होती. मी मलमलच्या फडक्यावर आणि मावशीला न सांगण्यावर भिस्त ठेवली.

आधी मधे काहीच न ठेवता मोजलं. मग काकांचा खडा. सरळ, मग थोडा फिरवून, मग आणखी. निम्म्याहून थोडे जास्त किरण पलीकडे पोचत होते, कसाही फिरवला तरी. मग शेठच्या तुरटीचा चुरा एका डबीत दाबून बसवला, किरणाच्या वाटेत वजन तेवढंच येईल असा. पुन्हा तेच. आकडे दर वेळी थोडे इकडेतिकडे होतात, तेवढाच फरक.

सर खूश झाले. म्हणाले, प्रयोग व्यवस्थित झाला. मग त्यांनी समजावलं की या ऊर्जेला किरण इलेक्ट्रॉनवर आपटून विखुरतो, तो रांग बघत नाही. पण याच्या हजारो पट ऊर्जेचा किरण असेल आणि तो अणूंच्या रांगेच्या अगदी दिशेने शिरला, तर सगळ्या रांगेचं विद्युतक्षेत्र मिळून त्याच्यावर काम करतं. त्या किरणाचा इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट्या भाराचा जोडीदार पॉझिट्रॉन होतो, तोही चुऱ्यात झाला असता त्यापेक्षा लवकर. म्हणजे सरळ स्फटिक त्याला जास्त अडवतो. परदेशातल्या मोठ्या प्रयोगशाळांत हे मोजतात. "आपल्याकडे तेवढे किरण कुठले," असं म्हणून त्यांनी दिवा बंद केला.

मी खड्याचा फोटो काढला. वहीत लावायला एक फोटो हवा होता, तो मिळाला.

बारवी

चौथ्या दिवशी सकाळीच अंबरनाथला जायला हवं होतं. मावसा म्हणाले, बारवी धरण बघून घे, आणि मी लगेच हो म्हणाले. धरण बघायची इच्छा होती म्हणून नाही.

तरी बघितलं. मोटारसायकलवर मावशांच्या मागे, दोन्ही बाजूंना जंगल, मधे पाड्यांचं भात. पाणी काठोकाठ भरलेलं, डोंगर त्यात उलटे. आपल्याकडे एवढं पाणी एका जागी मी पाहिलेलं नाही. परत येताना एका पाड्यावर मावशांच्या ओळखीच्या बाईंनी भात आणि खेकड्याचं कालवण वाढलं. मला खेकडा फोडता येईना. त्या हसून म्हणाल्या, "पाय आधी काढ गो, मंग बोल त्याच्याशी." त्यांनीच फोडून दिला.

जेवताना समोर त्यांचं शेत होतं. त्यांनी दोरी धरून लावणी केली होती. तिरपं बघितलं तर नुसती हिरवी गर्दी. मी ताट धुवायला दोन पावलं सरकले आणि अचानक सगळ्या ओळी उघडल्या, पार डोंगरापर्यंत सरळ. तेव्हा मला काका म्हणत होते ते दिसलं. आणि हेही कळलं की मी इथे जेवत बसले आहे आणि ते वाट बघत आहेत.

पुन्हा अंबरनाथ

चार वाजता पोचले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

मी डबा समोर ठेवला आणि आधी मावशीचं सांगितलं. काकांनी खडा उचलला. या वेळी उघड्या हातानेच. अंगठा धुरकट तोंडावरून फिरवला. काकू काही तरी बोलणार होत्या, त्यांना काकांनी हाताने थांबवलं.

"पाणी साफ झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"किती ड्रम?"

"दोन."

"दोन ड्रमला एवढी नाही लागत," ते म्हणाले. "बाईने प्रेमाने फिरवली असणार."

मग म्हणाले, आता दुसरं सांग. मी सांगितलं की फरक निघाला नाही. खडा आणि चुरा, सारखंच. ते मान हलवत राहिले. "म्हणजे साहेब बरोबर होते." मी घाईने म्हणाले की पूर्ण बरोबर नव्हते, आणि हजारो पट मोठ्या किरणांचं सगळं सांगितलं, की त्यांना रांग कळते, पण उलटं होतं, रांगेतून गेले तर ते लवकर अडकतात. काका हसले. "म्हणजे रेशनची रांग झाली ही." मीही हसले. त्या चार दिवसांत मी तेव्हाच हसले असेन.

हसू थांबल्यावर त्यांनी विचारलं, अगदी साधेपणाने, "हे लहान किरणांना कळत नाही ते, तुला इथं आल्यावर समजलं का आधीच माहीत होतं?"

"इथं आल्यावर," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा मान हलवली. उठले, बरणीतल्या द्रावणाला हात लावून बघितला, आणि त्या गुळगुळीत खड्याला नवीन दोरा बांधायला घेतला. मी विचारलं, हा आता वाढेल? ते म्हणाले, "वाढेल की. तोंडं परत येतात, कडा पण येतात. तुरटीला तिचा आकार माहीत असतो. फक्त आत एक रेघ राहते, कुठवर विरघळली होती तिची. ती जात नाही." दोन्ही हातांनी त्यांनी खडा आत सोडला आणि दोरा हलायचा थांबल्यावर बरणीला फडकं बांधलं. निघताना काकूंनी वाटेसाठी तांदळाच्या भाकऱ्या दिल्या. मी नको म्हणाले नाही.

प्रकल्पाला चांगले गुण मिळाले. वहीत फोटो आहे, धुरकट खड्याचा. परीक्षकांनी तो पाहिलाही नाही.

मागच्या महिन्यात काकांनी फोनवर एक फोटो पाठवला. खडा पुन्हा पूर्ण झाला आहे, आधीपेक्षा थोडा मोठाच. त्यांनी तो खिडकीसमोर अशा कोनात धरला आहे की आतली रेघ दिसावी. एका स्वच्छ स्फटिकाच्या पोटात गोल कडांचा दुसरा, धुक्याने काढल्यासारखा. खाली काही लिहिलेलं नव्हतं. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि फोन ठेवला. तेवढंच मला जमलं.

हा अंक छापून आला की मी एक प्रत अंबरनाथला पोस्टाने पाठवणार आहे. काका सावकाश वाचतात, ओळीखाली बोट धरून. ते इथपर्यंत नक्की येतील, म्हणून उत्तर इथे लिहिते.

हो काका. मला आधीच माहीत होतं.